‘थ्री फेज’संबंधी अकरा खुलासे

मंगळवारी सकाळी जळगावहून कुरिअरचं पाकीट आलं, तेव्हा प्रेमराज भामऱ्यांना पहिला संशय आला तो पाकिटाच्या वजनाचा. पाकीट फारच हलकं होतं. सरकारी कचेरीत अधीक्षक म्हणून एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला हे पक्कं ठाऊक असतं, की जड पाकिटात काम असतं आणि हलक्या पाकिटात भानगड.

आत एक पेनड्राइव्ह होता आणि एक चिठ्ठी. चिठ्ठी ‘दैनिक तापीवार्ता’ची रविवार पुरवणी पाहणाऱ्या मेघाची होती. ‘काका, आपल्या खान्देशातल्या तिघांचा जॅझ अल्बम आहे. नाव थ्री फेज. आधी ठरवलेली चाल वगैरे काही नाही, जागेवर सुचेल ते वाजवलंय, सोबत इलेक्ट्रॉनिक्स. बाहेरच्या देशात गाजतोय म्हणे. आठशे शब्द द्या, गुरुवारपर्यंत. ता. क. सॅक्सोफोनवर तुमच्या देवपूरचेच ज्ञानेश्वर शिंपी आहेत. ओळखत असालच.’

भामऱ्यांनी चिठ्ठी तीनदा वाचली. पहिल्या वाचनात त्यांना ‘काका’ खटकलं. गेल्या दिवाळीपर्यंत ही मुलगी त्यांना ‘सर’ म्हणायची. दुसऱ्या वाचनात ‘म्हणे’ खटकलं. तिसऱ्या वाचनात ते ‘ओळखत असालच’पाशी थांबले, ते थांबलेच. ज्ञानेश्वर शिंपी आणि ते पाचवीपासून एका बाकावर बसलेले. आजही रोज संध्याकाळी साडेपाचला दोघं पांझरेच्या पुलापर्यंत फिरायला जात. ज्ञानेश्वरच्या गुडघ्याचा एक्स-रे, त्याच्या सुनेचं माहेर, त्याच्या गच्चीवरची गळकी टाकी या सगळ्याची भामऱ्यांना तारीखवार माहिती होती. तो तीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवतो हे तर अख्ख्या धुळ्याला माहीत होतं. पण त्याने परदेशात गाजणारा अल्बम काढला, आणि ही बातमी भामऱ्यांना कुरिअरने कळावी?

“विसरले असतील सांगायला,” त्यांच्या पत्नी नूतनताई भरताची वांगी भाजता भाजता म्हणाल्या.

“टाकी गळते हे तीनदा सांगितलं त्यानं. आणि हे विसरला?”

“मग विचारा ना सरळ.”

सरळ विचारणं भामऱ्यांच्या कार्यपद्धतीत बसत नव्हतं. ते आधी ऐकायचं, मग बघू, असं म्हणून पेनड्राइव्ह घेऊन टीव्हीपुढे बसले.

आता भामरे संगीतातले अगदीच नवखे होते असं नाही. ‘तापीवार्ता’त त्यांचं ‘स्वरवेध’ हे सदर अकरा वर्षं चालू होतं. भजनी मंडळं, शाळांची स्नेहसंमेलनं, दिवाळीतल्या पहाटेच्या मैफली, गणपतीतले ऑर्केस्ट्रे, सगळ्यांवर त्यांनी लिहिलं होतं. गायिकेचा आवाज एक तर गोड असे किंवा भारदस्त. तिसरा प्रकार त्यांना आढळलेला नव्हता. अकरा वर्षांत एकाही कलाकाराची तक्रार आली नव्हती, कारण त्यांच्या लेखात तक्रार करण्याजोगं, किंवा खरं तर लक्षात ठेवण्याजोगं, काही नसेच. त्यांना याचा अभिमान होता.

अल्बममधल्या पहिल्या वादनाचं नाव होतं ‘फीडर ट्रिप’, म्हणजे गावाची वीज एकदम जाणं. लांबी सतरा मिनिटं. पहिली दोन मिनिटं काहीच झालं नाही. म्हणजे टीव्हीतून नुसतं ‘हूंऽऽ’ येत राहिलं, विजेच्या डीपीजवळ उभं राहिल्यावर येतं तसं. मग काही तरी पत्र्यावरून घरंगळत गेलं. मग टाचणीने काच खरवडावी तसा आवाज. आणि मग एक सॅक्सोफोन असा काही ओरडला, की नूतनताई हातातलं वांगं घेऊन बाहेर आल्या.

“मिक्सर लावलात का तुम्ही?”

“टीव्ही गेला,” भामरे म्हणाले.

चौकातल्या दुकानातून वनाभाऊ मेकॅनिकला बोलावण्यात आलं. वनाभाऊंनी टीव्ही भिंतीवरून उतरवला, पालथा घातला, मागचं झाकण काढलं, आत फुंकर मारली, झाकण लावलं. एक स्क्रू उरला. तो त्यांनी खिशात टाकला आणि पेनड्राइव्ह पुन्हा लावला. सॅक्सोफोन पुन्हा ओरडला. वनाभाऊ अर्धा मिनिट मान वाकडी करून ऐकत राहिले.

“आबा, टीव्ही मस्त शे,” ते शेवटी म्हणाले. “मालच असा शे.”

टीव्ही मस्त होता हे तितकंसं खरं उरलं नव्हतं. त्यानंतर त्यावर कायमची एक हिरवी उभी रेघ आली आणि सगळ्या बातम्यांमधली माणसं त्या रेघेच्या आडून बोलू लागली. पण तो वेगळा विषय.

तोवर शेजारच्या भिकुबाई दारात येऊन उभ्या होत्या. “कोन रडी राह्यनं वं माय?” त्यांनी नूतनताईंना विचारलं.

“कुणी नाही अक्का. गाणी आहेत. थ्री फेज नाव आहे.”

“थ्री फेज वनी का?” भिकुबाईंचा चेहरा उजळला. त्यांच्या मळ्यातली मोटार थ्री फेज वीज आल्याशिवाय चालत नसे आणि त्या चार दिवस वाट पाहत होत्या. खुलासा झाल्यावर त्यांचा असा काही विरस झाला, की भामऱ्यांना तो अल्बमवरचा पहिला जाहीर अभिप्राय वाटला. जाता जाता त्यांनी सल्ला दिला, की एवढं विव्हळणारं यंत्र घरात ठेवू नये, आणि ठेवायचंच तर त्यावरून लिंबू उतरवावं.

वनाभाऊंचा सल्ला व्यवहारी होता. “भारी शे असं लिखी टाका. कोन आयकी राह्यनं?”

कोण ऐकतंय! हा विचार भामऱ्यांच्या डोक्यात रुतला. कारण दुपारीच मेघाने फोनवर दोन दुवे पाठवले. पुण्याच्या एका समीक्षकांनी लिहिलं होतं, की हा अल्बम म्हणजे ध्वनिप्रदूषण असून सॅक्सोफोनवादकाला सुराची ओळखच नाही. आणि नॉर्वेतल्या एका संगीताच्या संकेतस्थळाने पाचपैकी पाच तारे देऊन लांबलचक स्तुती केली होती. ती भामऱ्यांनी मोबाइलला मराठी करायला सांगितली. मोबाइलने केली. ‘पितळेचा घसा पाण्याचा पंप गिळतो आणि पश्चात्ताप करत नाही. श्री. शिंपी हे उत्तम विद्युतवाहक आहेत. मी माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून वितळलो.’

एकाच वस्तूला एक माणूस कचरा म्हणतो आणि दुसरा वितळतो. एकाच पुलाच्या तपासणीचे दोन असे अहवाल आले, तर त्यातला किमान एक अधिकारी पुलावर गेलेलाच नसतो. भामऱ्यांची खात्री पटली, की या दोघांतल्या एकाने अल्बम ऐकलेला नाही. बहुधा दोघांनीही.

त्या संध्याकाळी ते फिरायला गेले. ज्ञानेश्वर नेहमीसारखाच, चेक्सचा शर्ट, डाव्या पायाने किंचित लंगडत.

“काय मग, नवीन काय?” भामऱ्यांनी जाळं टाकलं.

“काही नाही. तुझं?”

“माझं काय असणार?”

“बरोबर.”

पुलापर्यंत ते पाऊस, बेसन आणि वळणावरच्या नव्या गतिरोधकावर बोलले. परत येताना ज्ञानेश्वर एकदा थांबला, काही तरी बोलणार असं वाटलं, आणि मग म्हणाला, “टाकी दुरुस्त झाली.” भामऱ्यांना वाटलं, हा माणूस सराईत आहे.

घरी येऊन त्यांनी आपल्या मते अगदी साधी गोष्ट केली. नॉर्वेच्या संकेतस्थळाला पत्र लिहिलं. पत्र त्यांनी आयुष्यभर जसं लिहिलं तसंच लिहिलं: वर विषय, खाली संदर्भ, मग ‘उपरोक्त विषयान्वये’. विषय होता, ‘थ्री फेज हा अल्बम आपण प्रत्यक्ष ऐकला असल्याबाबत खुलासा मिळणेबाबत’. पण नुसतं ‘ऐकलात का’ असं विचारलं, तर समोरचा ‘हो’ म्हणून मोकळा होतो. म्हणून प्रश्न असे हवेत, की ज्याने ऐकलंय त्यालाच उत्तर देता यावं. आणि असे प्रश्न काढायचे तर आधी आपण ऐकायला हवं. भामऱ्यांनी कानाला हेडफोन लावले आणि बुधवारी सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत, जेवणाची सुट्टी धरून, वही-पेन घेऊन अल्बम सहा वेळा ऐकला.

एकूण अकरा प्रश्न निघाले. ‘फीडर ट्रिप या वादनाचा प्रारंभ नक्की कोठे होतो, ते मिनिट व सेकंदासह कळवावे. सहा मिनिटे दहा सेकंद ते नऊ मिनिटे चाळीस सेकंद या कालावधीत वादक जागेवर उपस्थित होते काय? असल्यास ते काय करीत होते? तिसऱ्या वादनात संगणकाने सॅक्सोफोनचा सूर घेऊन तो तुकडे करून परत केल्याचे दिसते. सदर तुकडे पूर्ण परत केले काय? ड्रमवादक यांनी चौथ्या वादनात अकरा वेळा काहीही न वाजवता थांबून दाखवले आहे, त्यामागील कारण नमूद करावे.’ अशा रीतीने ते दहापर्यंत आले. आणि अकरावा प्रश्न त्यांच्या हातून कसा लिहिला गेला ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. ‘हे सर्व श्री. ज्ञानेश्वर शिंपी यांनी स्वेच्छेने वाजवले आहे काय? असल्यास त्यांनी ही बाब आपल्या निकटच्या व्यक्तीपासून का लपवून ठेवली?’

खाली सही: प्रेमराज भामरे, अधीक्षक (निवृत्त), धुळे. मोबाइलने इंग्रजी केलं, ईमेल गेली, आणि दिवसभर हेडफोन लावल्यामुळे कानात उरलेलं ‘हूंऽऽ’ घेऊन भामरे झोपले.

गुरुवारी त्यांनी ‘तापीवार्ता’चे आठशे शब्द लिहिले. त्यात त्यांनी कमालीची सावधगिरी बाळगली. पहिले चारशे शब्द ‘एकीकडे पाहता’, पुढचे चारशे ‘दुसरीकडे पाहता’. एकीकडे पाहता हा गोंधळ होता. ‘ज्ञानेश्वर शिंपी यांचा सूर हरवला आहे, कुणास सापडल्यास त्यांनी कृपया संपर्क साधावा,’ हे वाक्य लिहून ते स्वतःशीच हसले, आणि नूतनताईंना वाचूनही दाखवलं. त्या हसल्या नाहीत. “अहो, पुढे आहे ना,” भामरे म्हणाले. दुसरीकडे पाहता सूर हरवायला आधी तो जवळ असावा लागतो, आणि शिंप्यांइतका तो कुणाजवळ आहे, वगैरे वगैरे. तराजू अगदी समतोल. उद्या अल्बम श्रेष्ठ ठरला तरी भामरे बरोबर, आणि भिकार ठरला तरी भामरे बरोबर.

शनिवारी मेघा रजेवर गेली आणि बोअरवेल खोदणाऱ्या एका कंपनीची अर्ध्या पानाची जाहिरात आली. पान लावणाऱ्याने लेख जिथे जागा संपली तिथे कापला. जागा संपली ती ‘एकीकडे’ संपल्यावर. रविवारच्या अंकात ‘कृपया संपर्क साधावा’ हे लेखाचं शेवटचं वाक्य होतं आणि त्याच्या खाली, त्याच टायपात, बोअरवेलवाल्यांचा फोन नंबर.

त्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला ज्ञानेश्वर आला नाही. सोमवारीही नाही. मंगळवारी भामरे एकटेच पुलापर्यंत जाऊन आले, आणि त्यांना त्या रस्त्यावर पहिल्यांदाच कळलं की पूल बराच लांब आहे.

“फोन करून सांगा, की लेख कापला गेला,” नूतनताई म्हणाल्या.

“तो विचारेल, मग कापलेल्या भागात काय होतं?”

“मग सांगा.”

“माझ्या तोंडानं कसं सांगू? लिहिलेलं वेगळं.”

“मला एक कळत नाही,” नूतनताई म्हणाल्या, “नॉर्वेला पत्र लिहिता, आणि दोन गल्ल्या सोडून चालत जाता येत नाही.”

गुरुवारी सकाळी अकरा वाजता देवपुरातल्या एका मंगल कार्यालयासमोर भामरे भाचीच्या दिराच्या लग्नाला पोचले, तर वरात समोरूनच येत होती. पुढे नाचणारी पोरं, मग ट्रम्पेट, मग क्लॅरिनेट, ढोल, ताशा. सॅक्सोफोन नव्हता. भामऱ्यांची नजर बँडवरून मागे मागे गेली आणि सगळ्यात शेवटी, जनरेटरच्या हातगाडीला खेटून, त्यांना ज्ञानेश्वर दिसला. लाल कोट, सोनेरी झालर, टोपी. हातात दोन खुळखुळे होते. तो ते ताल धरून, इमानेइतबारे हलवत होता.

भामरे तिथल्या तिथे एका स्कॉर्पिओच्या मागे लपले.

बँडमधला ढोलवाला पाणी प्यायला कडेला आला, त्याने आपण होऊनच सांगितलं. बँडच्या मालकांना कुणी तरी पेपर दाखवला होता. ज्याचा सूर हरवलाय असं छापून आलंय त्याला पुढे कसं ठेवायचं? गिऱ्हाईकं विचारतात. चार लग्नं होऊ द्या, लोक विसरतील, तोवर खुळखुळे. “कोन त्या लिखनारा शे, त्याले काय भेटनं?” ढोलवाल्याने भामऱ्यांनाच विचारलं. भामरे घाईघाईने कार्यालयात शिरले. लग्नात त्यांनी जिलेबीला हात लावला नाही, आणि आहेराचं पाकीट चुकून मुलीकडच्यांना दिलं.

त्याच दुपारी मेघाचा फोन आला. ती फोनमधून जवळजवळ ओरडतच होती.

“सर! तुम्ही सांगितलं का नाही?”

‘सर’ परत आल्याचं भामऱ्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना भीती वाटली.

झालं होतं असं, की नॉर्वेच्या संकेतस्थळाने त्यांचं पत्र जसंच्या तसं छापलं होतं. परीक्षण म्हणून. वर मथळा होता, ‘धुळ्याहून अकरा प्रश्न’, आणि खाली, ‘लेखक धुळे येथील संगीत अधीक्षक आहेत’. सोबत संपादकांची टीप होती, की या अल्बमवर आजवर जे काही लिहिलं गेलं त्यात इतक्या बारकाईने ऐकलेलं दुसरं काही नाही. आमच्या समीक्षकाने स्वतः कबूल केलं आहे, की ड्रमवादक मुलगी अकरा वेळा थांबते हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. बर्लिनच्या कुणी तरी त्यावर लिहिलं होतं, की समीक्षेचा हा नवाच घाट आहे. आणखी कुणी विचारलं होतं, की अकराव्या प्रश्नातली ‘निकटची व्यक्ती’ कोण.

“चेष्टा करतायत ते,” भामरे म्हणाले.

“नाही सर, मनापासून म्हणतायत.”

“मग जास्तच संशयास्पद आहे.”

तासाभराने आणखी एक फोन आला. “नमस्कार, मी हितेंद्र, भुसावळहून. थ्री फेजमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मी करतो.” आवाज पंचविशीतला, नम्र. येत्या रविवारी दुपारी चारला जळगावला एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये त्यांचा कार्यक्रम होता. “सर, आम्ही ठरवलंय, की तुमच्या अकरा प्रश्नांची उत्तरं वाजवायची. तुम्ही पाहुणे म्हणून यायलाच हवं.”

“शिंपी येणार आहेत?”

“येणार तर. त्यांनी तुमचे प्रश्न वाचलेत.”

“सगळे?”

“सगळे,” हितेंद्र म्हणाला.

भामऱ्यांनी दोन दिवस विचार केला. हा सापळा होता हे उघडच होतं. चारचौघांत पाहुणा म्हणून बसवायचं आणि मग वाजवून वाजवून अपमान करायचा. नूतनताईंनी त्यांचा इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला आणि स्वतःची साडीही. “मी पण येते. अपमान होणार असेल तर कुणी तरी आपलं माणूस हवं.”

रविवारी सकाळच्या जळगाव गाडीत ज्ञानेश्वर आधीच बसला होता, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, सॅक्सोफोनची पेटी मांडीवर. नूतनताई सरळ जाऊन त्याच्याशी बोलल्या, गुडघा कसा आहे विचारलं, घरून आणलेल्या दोन पुऱ्या दिल्या. भामरे चार सीट मागे खिडकीतून केळीच्या बागा बघत राहिले. पारोळ्याला गाडी थांबली. दोघंही खाली उतरले, एकाच टपरीवर दोन वेगवेगळे चहा प्यायले आणि परत चढले.

जिनिंगच्या शेडमध्ये साठेक प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. पुढे टेबलावर हितेंद्रचा लॅपटॉप, वायरींचा गुंता, रेडिओच्या पोटातून काढल्यासारखी सर्किटं. ड्रमवर मोनाली नावाची उंच मुलगी होती आणि तिच्या ड्रमना प्रेशर कुकरची दोन झाकणं टांगलेली होती. चारला दहा कमी असताना बंदोबस्तावरचे हवालदार आत आले, वायरींकडे बघितलं, झाकणांकडे बघितलं, आणि म्हणाले, “परवान्याला गाण्यांची यादी जोडलेली नाही.”

“यादी नाहीये साहेब,” हितेंद्र म्हणाला. “आम्ही आधी काही ठरवत नाही. जे सुचेल ते.”

“म्हणजे काय वाजणार ते तुम्हालाच माहीत नाही?”

“नाही ना.”

“मग मला कसं माहीत होणार?” हवालदारांचा मुद्दा बिनतोड होता. “उद्या वरून विचारलं, काय वाजलं, तर मी काय सांगू? यादी नाही तर कार्यक्रम नाही.”

हितेंद्र समजावू लागला, की अगदी ठरवून न ठरवणं हेच या संगीताचं मर्म आहे. त्याने मर्म जितकं जास्त समजावलं तितकी हवालदारांची नजर वायरींवर जास्त वेळ रेंगाळू लागली. मोनालीने झाकणं काढायला सुरुवात केली. ज्ञानेश्वर पेटीचं कुलूप न उघडता उभा होता. भामऱ्यांनी त्याच्याकडे बघितलं. लाल कोट नव्हता अंगावर, पण खुळखुळे हलवताना होता तोच चेहरा.

“मला कागद द्या,” भामरे उठून म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना संगीताच्या कार्यक्रमात नेमकं काय करायचं ते कळत होतं. त्यांनी कोऱ्या कागदावर वर विषय टाकला, खाली ‘सादर होणाऱ्या वादनाची क्रमवार यादी’, आणि एक ते अकरा आपले प्रश्न सुवाच्य अक्षरात लिहून काढले. तीन प्रती. सही, दिनांक, पदनाम. हवालदारांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. ती त्यांना समजली नाही, पण ओळखीची वाटली.

“हे ठीक आहे,” ते म्हणाले. “पण कुठला नंबर चालू आहे ते मला कळायला हवं. प्रत्येक नंबर आधी माइकवर पुकारा.”

“कोण पुकारणार?”

“ज्यांची सही आहे ते.”

अशा रीतीने प्रेमराज भामरे, हिंदी-मराठी गाण्यांच्या चौकटीबाहेर कधी पाऊल न टाकलेले गृहस्थ, जॅझच्या रंगमंचावर माइक धरून उभे राहिले. त्यांनी कोरड्या कचेरीच्या आवाजात पहिला प्रश्न वाचला. तिघांनी वाजवलं. दुसरा वाचला. तिघांनी वाजवलं. पहिल्या रांगेत हवालदार पेन काढून बसले होते आणि प्रत्येक नंबराला बरोबरची खूण करत होते. ‘सदर तुकडे पूर्ण परत केले काय?’ या प्रश्नाला हितेंद्रने ज्ञानेश्वरचा एक लांब सूर घेतला, त्याचे बारीक बारीक कण केले आणि शेडभर उधळले. ज्ञानेश्वर सॅक्सोफोनने ते एकेक करून वेचत राहिला. शेवटचा कण सापडेना. दोघंही थांबले. साठ माणसं श्वास धरून बसली, आणि मग मोनालीने कुकरच्या झाकणाला नखाने टिचकी मारली. लोक हसले. भामरेही हसले, आणि लगेच गंभीर झाले. आपल्याला कळतंय की काय, असा त्यांना स्वतःचाच संशय आला.

दहा प्रश्न झाले. भामऱ्यांनी कागदाकडे बघितलं.

“अकरा नंबर राहिला,” हवालदार म्हणाले.

“तो नाही वाजवला तर चालेल का?”

“यादीत आहे ना.”

भामऱ्यांनी वाचला. ‘निकटच्या व्यक्तीपासून’ इथे त्यांचा आवाज जरा खाली गेला. ज्ञानेश्वरने सॅक्सोफोन ओठाला लावला, मग काढला. तो पुढे आला आणि त्याने माइक भामऱ्यांच्या हातातून नव्हे, हातासकट आपल्याकडे ओढला.

“आपली मर्जीथीन वाजाडं,” तो म्हणाला. “पहिला भाग झाला. आता दुसरा.” मग तो भामऱ्यांकडे बघून बोलू लागला, जणू पुलावर दोघंच होते. “अकरा वरीस तू लिखी राह्यना, प्रेमराज. दिवाळीना, गणपतीना, बठ्ठा कार्यक्रममां मी वाजाडी राह्यंतू, तू समोर बठेल. तू काय लिहायचास? ‘वादकांनी समर्पक साथ केली.’ वादकांनी. पाचवीपासून बाकावर बसलो आपण. मनं नाव तू एक डाव छापं. एकच. मागच्या रविवारी.”

ज्ञानेश्वरने सॅक्सोफोन बाजूला सारला.

“तुला हे सांगितलं असतं तर तू काय म्हणाला असतास? राग कोणता, असं विचारलं असतंस. मला माहीत नाही रे राग कोणता. तीस वर्षं दुसऱ्याच्या वरातीत दुसऱ्याची गाणी वाजवली. हे पहिलं माझं आहे. ते तुला दाखवायची भीती वाटली, बस.”

भामऱ्यांनी हातातला कागद दुमडून खिशात ठेवला. ‘दुसरीकडे पाहता’चे चारशे शब्द त्यांना पाठ होते, पण ते इथे उपयोगाचे नव्हते. दुसऱ्या रांगेतून नूतनताई त्यांच्याकडे बघत होत्या.

“ज्ञाना,” ते माइकवरच म्हणाले, “मला भीती वाटायची. आजही वाटते. नाव लिहिलं की मत द्यावं लागतं. मत दिलं की चुकतं. म्हणून मी कुणाचंच लिहिलं नाही. आणि जे लिहिलं ते वाईट लिहिलं, कारण तू मला सांगितलं नाहीस याचा राग होता. सुराचा काही संबंध नव्हता.” त्यांनी घसा साफ केला. “तुझा सूर कुठं हरवलेला नाही. मी सहा वेळा ऐकलंय. आणि उद्या बँडच्या मालकांकडे मी स्वतः येतो. चालत.”

“हे यादीत नाही,” हवालदार हलक्या आवाजात म्हणाले, पण त्यांनी पेन खाली ठेवलं होतं.

ज्ञानेश्वरने सॅक्सोफोन उचलला. हितेंद्रने लॅपटॉप बंद केला, मोनालीने हात मांडीवर ठेवले. पुढची नऊ मिनिटं ज्ञानेश्वर एकटा वाजवत होता. ते काय होतं, हे भामऱ्यांना नंतरही सांगता आलं नाही. त्यात वरातीसारखं काही होतं, पण वरात निघून गेल्यावरचं. आणि मध्येच सॅक्सोफोन ओरडला, तरी भामरे दचकले नाहीत, याचंच त्यांना आश्चर्य वाटलं.

लोक उठून गेल्यावर हवालदार टेबलापाशी आपला अहवाल पुरा करत बसले. सही करून त्यांनी एक प्रत भामऱ्यांच्या हातात ठेवली. भामऱ्यांनी ती सवयीने संशयाने, शब्द न् शब्द तपासत वाचली आणि मग ज्ञानेश्वरला दिली. ज्ञानेश्वरने चष्मा लावून मोठ्याने वाचलं.

“वादक ज्ञानेश्वर शिंपी, वय त्रेसष्ट, राहणार देवपूर, धुळे. यादीतील एक ते अकरा पार पडले. त्यानंतर सदर इसमाने यादीबाहेरील एक वादन केले. कालावधी नऊ मिनिटे. कोठेही गडबड झाली नाही. चांगले होते.”

त्याने ते पुन्हा एकदा वाचलं, या वेळी मनात.

“साहेब,” भामऱ्यांनी हवालदारांना विचारलं, “तुम्ही आणखी कुठं लिहिता?”

“रोज लिहितो,” हवालदार टोपी चढवत म्हणाले. “ठाण्यात. नाव आधी टाकावं लागतं, मग बाकीचं.”